मावशींचे ८ आणि बॅकचेकचे ५

सर्व्हेच्या फील्डवर असणाऱ्यांना शिडीचा प्रश्न झोपेतही येतो. शून्य ते दहा पायऱ्या, दहावर तुमच्यासाठी शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, शून्यावर सगळ्यात वाईट, आज तुम्ही कुठे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९६५ मध्ये मांडलेली शिडी, जागतिक आनंद अहवालातले देशांचे नंबर हिच्यावरच लागतात. विचारायची अगदी सुरुवातीला, कारण आधी दुसरं काही काढलं की उत्तर हलतं. आणि समजावून सांगायचं नाही! "म्हणजे काय?" विचारलं की तेच वाक्य तसंच परत वाचायचं. लोकांना वाटतं आम्ही नुसते टॅबवर टिकमार्क करतो, पण समोरचा वैतागलेला असताना सूर न बदलता तेच वाक्य परत वाचून बघा एकदा.

तर पन्नाशीच्या एक मावशी, शिडीवर पटकन ८ म्हणाल्या, हसत. मग संधींचा भाग आला, शिक्षण कुठे थांबलं, कोणी ठरवलं, नोकरी करायची होती का, वगैरे. तिथे त्या अडखळायला लागल्या. "हे मला कोणी विचारलंच नाही हो आजवर." आयुष्यात काय करायचं ते निवडायच्या मोकळिकीबद्दल समाधानी की असमाधानी? बराच वेळ गप्प, मग "समाधानी लिहा." लिहिलं.

काही दिवसांनी बॅकचेकवाल्याने, म्हणजे मुलाखत खरंच झाली का ते तपासायला परत जाणाऱ्याने, तीच शिडी विचारली तर ५. लगेच ऑफिसातून फोन, घरी बसून फॉर्म भरला का म्हणे. डेटा साफ करणाऱ्यांना आकडा जुळला नाही की एकच कारण सुचतं. रेकॉर्डिंग ऐकल्यावर म्हणाले, मूड बदलला असेल.

मूडने उत्तर हलतं हे खरंय, पण मला इथे ते पटत नाही. दहाव्या पायरीवर काय ठेवायचं ते उत्तर देणाराच ठरवतो ना, मग मधल्या दिवसांत मावशी खाली आल्याच नसतील, त्यांची दहावी पायरीच वर गेली असेल. अमर्त्य सेन म्हणतात की वर्षानुवर्षं कमी मिळालेला माणूस अपेक्षाच कमी करून समाधानी राहतो, म्हणून नुसतं समाधान विचारू नका, त्याला खरंच काय काय करता येतं ते बघा. वाचताना एकदम पटलं होतं. पण ते ८ खोटं होतं असं मला म्हणवत नाही, मी समोर बसून ऐकलंय, आणि ५ पण खरंच असणार, मग हे तीन नेमके कोणी काढून घेतले? आमच्या प्रश्नांनी?

डेटात ८ च राहिलं, नियमाने पहिली मुलाखत धरतात. पुढच्या राउंडला संधींचा भाग अजून वाढवणारेत.