आमची वाटचाल : फुकटच्या प्लॅनचा जिना

गोव्यात फोंड्याला घरांचे प्लॅन काढायचं आमचं ऑफिस सुरू झालं तेव्हा भांडवल म्हणजे ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि रोट्रिंगची पेनं. 0.5 मिलिमीटरचं पेन प्लॅनमध्ये कापलेल्या दिसणाऱ्या भिंतीला, 0.2 चं मापांच्या रेषांना. जाडी चुकली की भिंत कुठली नि पायरीची कड कुठली, गवंड्याला कळत नाही. ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने खरवडायची आणि ती जागा नखाने घोटायची, नाहीतर नवी शाई फुटते. ऑटोकॅडवर 'अनडू' मारणाऱ्या पोरांना हे सांगून उपयोग नाही. बोर्ड अजून ऑफिसात आहे, विकणार नाही.

पुढची वर्षं चिऱ्याची (जांभ्या दगडाची) घरं, पंचायतीचं लायसन्स आणि टीसीपी म्हणजे नगर नियोजन खात्याच्या फेऱ्या यांत बरी गेली.

सांगायचं आहे ते त्या कंत्राटदाराबद्दल. नाव घेत नाही. 'बांधकाम आम्हाला द्या, प्लॅन फुकट' हा त्याचा धंदा. फुकट कुठून येणार? आमच्या जुन्या गिऱ्हाइकाकडून दुमजली घराची ए-टू शीट त्याने मागून नेली, निम्म्या आकाराच्या ए-थ्रीवर झेरॉक्स काढली आणि दुसऱ्याच्या प्लॉटवर तेच घर उभं करायला घेतलं. लिहिलेली मापं गवंड्याने बरोबर घेतली. जिन्याची रुंदी मात्र 1:20 च्या, म्हणजे मोठ्या प्रमाणाच्या, वेगळ्या शीटवर होती, ती यांनी नेलीच नव्हती. मग लागली फूटपट्टी. ए-टूचं ए-थ्री केलं की रेष साधारण 71 टक्के उरते. 1:100 ला, म्हणजे शंभरपट लहान काढलेल्या प्लॅनवर, मीटरभर जिना 1 सेंटिमीटर दिसतो, तो भरला 7 मिलिमीटर. जिना झाला 70 सेंटिमीटरचा! कपाट वर चढेना, आणि शीटच्या कोपऱ्यात नाव आमचं.

गावभर झालं, 'यांचे प्लॅन चुकतात.' नवीन काम येईना, ऑफिसचं भाडं थकलं, प्लॅनच्या प्रती काढायचं अमोनिया प्रिंटचं मशीन विकलं. हाताखालचा मुलगा गेला तो थेट त्या कंत्राटदाराकडे.

तेव्हा उभे राहिले म्हार्दोळचे एक निवृत्त मास्तर. त्यांचं घर आमच्या पहिल्या कामांपैकी. आमच्या दोन्ही मूळ शीट आणि स्टीलची पट्टी घेऊन ते मला त्या घरमालकाच्या सोप्यावर घेऊन गेले. कंत्राटदाराला बोलावलं, आमच्या दोन शीट आणि ती झेरॉक्स, तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. 'बाबा, हा जिना मोज. आता हा मोज.' मग कोपऱ्यातली ओळ मोठ्याने वाचायला लावली : 'लिहिलेली मापं ग्राह्य, पट्टीने मोजू नये.' चार माणसं ऐकत होती, तेवढं पुरलं. त्याने माफी मात्र आजवर मागितलेली नाही.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. प्लॅन हातात आला की आधी सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, बघा. दोन मजल्यांमधलं अंतर 3 मीटर आणि पायरी 15 सेंटिमीटर उंच, तर 20 चढ लागतात. तेवढे बसलेत का ते स्वतः मोजा. खोलीचं माप बहुतेक वेळा चिरा ते चिरा असतं, प्लास्टर त्यातच जागा खातं. अंगचं कपाट त्या आकड्यावर करायला देऊ नका. आणि चवथीच्या गणपतीची खोली ठरली असेल तर माटोळीचे (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीचे) हूक स्लॅब ओतण्याआधी ड्रॉइंगवर दाखवून घ्या. नंतर ड्रिल मारून सळी दुखावणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत.

सध्या मास्तरांच्या धाकट्याचं घर आमच्याकडे आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीवरून बापलेकाचं जमत नाही, म्हणून शीट अडकलीय.