कुलूप आहे, पण ठेवायचं काय?

१ जुलै. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधाऱ्याचे सगळे १४ दरवाजे वर गेले आणि जूनमध्ये साठलेलं गोदावरीचं पाणी तेलंगणाकडे निघालं. काठावरचा एकजण सहज बोलला, "पावसाळ्यात दार सताड उघडं, पाऊस गेला की कुलूप. मग कुलपात ठेवायचं काय?"

हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे.

२०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वरच ठेवायचे. २९ ऑक्टोबरला खाली टाकायचे. म्हणजे परतीचा पाऊस लवकर उरकला, तर दरवाजे पडेपर्यंत नदीचा ओघ ओसरलेला. वरची विष्णुपुरी आणि जायकवाडी धरणंही आपापलं पाणी धरून बसलेली. कागदावर बंधाऱ्याचा साठा २.७४ टीएमसी (अब्ज घनफूट), पात्रात किती ते त्या वर्षीचा ऑक्टोबर ठरवणार.

शिवाय १ मार्चला त्यातलं ०.६ टीएमसी, म्हणजे ६० कोटी घनफूट, खाली सोडायचं. खाली तेलंगणात असलेल्या पोचमपाड (श्रीरामसागर) धरणाचं बुडीत क्षेत्र बाभळीच्या वरपर्यंत येतं, दोन्ही साठ्यांतला सामाईक भाग एवढाच. हिशेब चोख आहे. पण तारीख नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावरची!

खालच्या राज्याची भीती खोटी नाही. पुराचं पाणी वर अडलं तर पोचमपाड भरणार कसं? फक्त, दरवाजे कॅलेंडर बघून हलतात. पोचमपाड काठोकाठ भरून वाहत असेल, तरीही बाभळीने २९ तारखेचीच वाट बघायची?