ट्रॅव्हल ट्रेलरचे वंगण : झाकलेल्या जागी ग्रीस, उघड्या जागी कोरडे

मोटारीमागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे राहण्याची सोय असलेली चाकांवरची खोली, जोडून पेंच, ताडोबा किंवा चिखलदऱ्याकडे निघणारी मंडळी नागपुरात अजून थोडीच आहेत. त्यामुळे देखभालीची माहिती बहुधा परदेशी पुस्तिकांतूनच मिळवावी लागते आणि त्या पुस्तिका थंड, ओलसर, रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या देशांचा विचार करून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, फाटकाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर धूळ उडते आणि जूनच्या मध्यानंतर तीच धूळ काळ्या मातीचा चिकट चिखल होऊन चाकांत, पायऱ्यांत आणि जॅकच्या आट्यांत बसते. वंगणाची निवड या तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवूनच केली पाहिजे. मी स्वतः पाळत आलेला नियम असा की, जो भाग सीलच्या किंवा झाकणाच्या आत बंद आहे त्याला ग्रीस द्यावे आणि जो भाग उघडा आहे त्याला सुकल्यावर कोरडा थर उरेल असे वंगण द्यावे. उघड्या आट्यांवर ग्रीस चोपडले की त्यात धूळ मिसळते आणि त्या मिश्रणाने धातू घासला जातो.

सर्वांत अधिक लक्ष मागतात ती चाकांची बेअरिंगे. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. प्रत्यक्ष वंगणाचे काम तेलच करते, जाळी त्याला जागेवर ठेवते. ही जाळी कोणत्या साबणाची आहे यावर ग्रीसचा स्वभाव ठरतो. वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागातल्या दुकानात गेल्यावर दुकानदार विचारतो, "भाऊ, चासी ग्रीस देऊ की बेअरिंगचं?" हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर विचार करून द्यावे. स्वस्तातले चासी ग्रीस बहुधा कॅल्शियम साबणाचे असते. पाण्याला ते चांगले टिकते, परंतु साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची घडण मोडते. उतारावर ब्रेक तापले की ड्रमची उष्णता हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या, बेअरिंगे बसवलेल्या भागात, उतरते, म्हणून असे ग्रीस हबमध्ये भरणे धोक्याचे आहे. साध्या लिथियम ग्रीसचा द्रवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला ते पातळ होऊन ठिबकू लागते तो बिंदू, १८० ते २०० अंशांच्या दरम्यान असतो, तर लिथियम कॉम्प्लेक्सचा सर्वसाधारणपणे २५० अंशांच्या पुढे जातो. नागपूरच्या उन्हाळ्यात ट्रेलर ओढणाऱ्यांनी लिथियम कॉम्प्लेक्सच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. किमतीतला फरक एका हबच्या दुरुस्तीपुढे नगण्य ठरतो.

ग्रीसचा घट्टपणा एनएलजीआय या अमेरिकी ग्रीस संस्थेच्या क्रमांकाने मोजतात आणि ही मोजपट्टी ०००, म्हणजे जवळजवळ द्रव, इथपासून ६, म्हणजे वडीसारखे घट्ट, इथपर्यंत जाते. ट्रेलरच्या बेअरिंगांसाठी ॲक्सल बनवणारे बहुधा २ क्रमांक सांगतात. आपल्या बाजारात 'एपी थ्री' नावाने सहज मिळणारे ग्रीस ३ क्रमांकाचे, म्हणजे अधिक घट्ट असते. मोटारींच्या चाकांत ते सर्रास वापरले जाते, पण ट्रेलरच्या पुस्तिकेत २ लिहिले असेल तर दुकानात २ मागूनच घ्यावे. ग्रीसचा रंग पाहून मात्र काहीही ठरवू नये. लाल, निळा किंवा हिरवा हा रंग कंपनीने घातलेला असतो आणि एकाच रंगाची दोन ग्रीसे पूर्णपणे वेगळ्या जातीची असू शकतात. लिथियम ग्रीसमध्ये पॉलीयुरिया किंवा बेंटोनाइट मातीवर आधारलेले ग्रीस मिसळले तर बहुधा दोघांचीही घडण बिघडते, मिश्रण पातळ होते आणि सीलमधून बाहेर येते. आधी कोणते ग्रीस भरले होते हे ठाऊक नसेल, तर जुने पूर्ण काढूनच नवे भरावे.

हे काढण्याचे काम घाईचे नाही. बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवावे. हवेच्या झोताने ते गरगर फिरवू नये, कारण वंगणाशिवाय वेगाने फिरताना रोलर आणि कड्या दोन्ही खराब होतात. वाळल्यावर उजेडात धरून पाहावे. निळसर झालेला रोलर उष्णता सांगतो, खड्डे पडलेली कडी बदलण्याची वेळ सांगते. ग्रीस भरताना तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहावी, वरच्या बाजूने ग्रीस डोकावेपर्यंत. वरवर चोपडलेले ग्रीस रोलरच्या मुळाशी पोहोचत नाही. ऑइल सील प्रत्येक वेळी नवे घालावे आणि त्याच्या ओठाला ग्रीसचा हलका हात द्यावा. नट आवळताना हब फिरवत राहावे म्हणजे बेअरिंग नीट बसते. त्यानंतर नट सैल करून हाताने बेताचा लावावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. ही सर्वसाधारण पद्धत आहे, नेमके माप ॲक्सलच्या पुस्तिकेतूनच घ्यावे.

काही ॲक्सलच्या टोकाला ग्रीसचे निप्पल दिलेले असते. त्यातून ग्रीसगनने भरताना चाक जमिनीवरून उचलून हळूहळू फिरवत राहावे. जोराने दाब दिला तर मागचे सील निसटते आणि ग्रीस ब्रेकच्या लायनिंगवर उतरते. तसे झाल्यास लायनिंग बहुधा बदलावीच लागतात. याउलट काही युरोपीय धर्तीच्या ॲक्सलमध्ये बेअरिंग कायमचे बंद असते. त्यात ग्रीस भरण्याचा प्रश्नच नाही, म्हणून हब उघडण्यापूर्वी आपला प्रकार ओळखून घ्यावा. उघडता येणाऱ्या हबसाठी अनेक उत्पादक वर्षातून एकदा किंवा १२,००० मैल, म्हणजे सुमारे १९,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा ग्रीस बदलायला सांगतात. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुट्यांआधी हे करणे सोयीचे पडते, कारण सीलमधून पाणी शिरले असेल तर ग्रीस दुधाळ झालेले दिसते आणि थंडीच्या प्रवासापूर्वीच ते लक्षात येते.

हिच बॉल, म्हणजे मोटारीच्या मागचा ज्या गोळ्यावर ट्रेलर जोडतात तो, याविषयी मतभेद खूप आहेत, परंतु तिथे निर्णय कपलिंगच्या, म्हणजे त्या गोळ्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोकाच्या, प्रकारावर सोपवावा. साध्या कपलिंगला बॉलवर ग्रीसचा पातळ थर चालतो आणि तो वारंवार पुसून नव्याने द्यावा लागतो. कपलिंगमध्ये ट्रेलरचे डावी-उजवीकडे डोलणे रोखणाऱ्या घर्षणपट्ट्या असतील तर मात्र बॉल पूर्ण कोरडा आणि स्वच्छ हवा, कारण तिथे घर्षणच सुरक्षिततेचे काम करते. एका मित्राच्या अशा कपलिंगवर गॅरेजमधल्या मुलाने चांगल्या भावनेने ग्रीस लावले होते. मित्राला मी पट्ट्या बदलून घ्यायला सांगितले, कारण पट्ट्यांत एकदा तेल मुरले की पुसून निघत नाही.

कमानीच्या पाट्यांना जोडणाऱ्या शॅकलच्या बोल्टला निप्पल असेल तर चासी ग्रीस किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले ग्रीस द्यावे. तिथे वेग नाही, भार आणि धक्का आहे. बुश रबराचे असल्यास खनिज तेलाचे काहीही लावू नये. कमानीऐवजी रबरावर धक्के झेलणाऱ्या टॉर्शन ॲक्सलमधल्या रबराचीही हीच गोष्ट.

उघड्या भागांकडे वळल्यावर ग्रीसचा डबा बाजूला ठेवावा. खालच्या आधाराच्या जॅकचे आटे, घडीची पायरी, खिडक्यांच्या आणि दारांच्या बिजागऱ्या, छतावरच्या झडपेचा स्क्रू यांना आधी ताठ ब्रशने झाडावे आणि मग पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, कोरडा स्प्रे द्यावा. त्यातला द्रव उडून जातो आणि पांढरट थर मागे राहतो, ज्यावर धूळ सहज चिकटत नाही. डब्ल्यूडी-४० या स्प्रेची जागा इथे वेगळी आहे. त्याचे मूळ मिश्रण १९५३ साली सॅन दिएगोमध्ये धातूवरचे पाणी हटवण्यासाठी तयार झाले आणि ते गंजलेला नट सोडवायला, ओला सांधा कोरडा करायला फार उपयोगी पडते. पण त्यावर विसंबून जॅक वर्षभर चालवू नये.

दारे-खिडक्यांची रबरी पट्टी खनिज तेलाने किंवा ग्रीसने फुगते, मऊ पडते आणि उन्हात तिची आयुष्यमर्यादा घटते. तिला सिलिकॉनचाच हात द्यावा, तोही कापडावर घेऊन, म्हणजे ते खिडकीच्या काचेवर उडत नाही. सिलिकॉन जिथे लागते तिथे पुढे रंग किंवा सीलंट धरत नाही, म्हणून छताची दुरुस्ती करायची असेल तर ती आधी उरकावी. दाराच्या कुलपात तेल घालू नये. त्यात धूळ जमून खटके अडकतात. ग्रॅफाइटची बारीक पूड किंवा कोरडा पीटीएफई पुरे होतो. दोन्ही एकत्र मात्र घालू नयेत.

उन्हाळ्यात ट्रेलर महिनोन्‌महिने एका जागी उभा राहतो, तेव्हा रोलर एकाच ठिकाणी टेकून राहतात आणि ग्रीसची पातळ चादर तिथून सरकते. म्हणून अधूनमधून तो थोडा पुढे-मागे सरकवून चाके फिरवून घ्यावीत. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या ग्रीसच्या डब्यावरही या काळात तेल सुटलेले दिसते. ते थोडेसे असेल तर काडीने ढवळून पुन्हा मिसळावे. तेल फार सुटले असेल किंवा ढवळल्यावरही ते पुन्हा वेगळे होत असेल, तर त्या डब्यातले ग्रीस हबसाठी वापरू नये.