मामांनी दाखवलेला माळ

'सोलापूरला? मुलांना घेऊन? तिथे आहे काय बघायला?' संक्रांतीच्या सुट्टीचं ठरलं तेव्हा आमच्या सोसायटीतल्या तिघींनी तरी मला हे विचारलं. आम्ही वसईचे. समुद्र घरापासून पंधरा मिनिटांवर. पण गेल्या वर्षभरात रविवारी किनाऱ्यावर गेलो की निम्मा वेळ गाडी लावायला जागा शोधण्यात जायचा आणि उरलेला भेळेच्या गाडीपुढे. ओवी आणि चिनू हल्ली पाण्याकडे धड बघतसुद्धा नाहीत. म्हणूनच मला त्यांना माझ्या मामांकडे न्यायचं होतं.

रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसलो आणि सकाळी सोलापुरात उतरलो. पहिले दोन दिवस शहरातच गेले. सिद्धरामेश्वरांचं तळ्यातलं देऊळ पाहिलं, काठावरचा भुईकोट किल्ला पाहिला आणि गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, मात्र मला कायम लक्षात राहील. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आभाळात उभे सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, आणि शेजारी मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी माणसं एकाच वेळी अक्षता टाकताना. फक्त सहा वर्षांच्या ओवीला त्या गर्दीत न्यायला नको होतं. ती घाबरून रडायला लागली. तेव्हा एका अनोळखी आजींनी तिला उचलून कट्ट्यावर बसवलं आणि पदराने वारा घातला.

तिसऱ्या दिवशी मामांच्या गावी गेलो. बार्शी रस्त्याने नान्नज वीस-बावीस किलोमीटर, तिथून थोडं आत. मामा सत्तरीचे. लहानपणी याच माळावर शेरडं राखलेली. पहाटे पावणेसहाला त्यांनी सगळ्यांना उठवलं. मामींनी मुलांच्या कानाला मफलर बांधले आणि आम्ही माळढोक या दुर्मीळ पक्ष्यासाठी राखलेल्या अभयारण्याकडे निघालो.

फाटकाशी नोंद करून आत गेलो तेव्हा नुसतं उजाडत होतं. समोर गुडघ्याएवढं पिवळं गवत, मधेच एखादी बाभूळ, बाकी काही नाही. चिनू म्हणाला, 'आजोबा, इथे काय बघायचं?' मला वाटलं, झालं, आता मोबाइल मागणार. मामा म्हणाले, 'बसा की खाली. उभं राहिलं की नुसता माळ दिसतो. बसलं की माळावरचं दिसतं.'

बसलो. पाच मिनिटं काहीच नाही. मग टिटवी ओरडली. मग गवतावरून, अगदी शेंड्यांना पोट घासेल इतक्या खालून, एक करडा पक्षी सरकत आला. पंख न हलवता, मान खाली घालून गवतात बघत. भोवत्या. मामा म्हणाले, हा थंडीपुरता येतो, लांबून, मध्य आशियातून. नाकतोडे खातो आणि रात्री झाडावर बसत नाही, इथेच गवतात जमिनीवर निजतो. ओवीला ते फार लागलं. 'गादी नाही? झाड पण नाही?' तिने दोनदा विचारलं.

तोवर चिनूच्या मोज्यांत कुसळं घुसली होती. तो वैतागून उपटायला लागला. मामांनी त्यातलं एक घेतलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. टोकाला सुईसारखा दाणा, मागे दोरीसारखा पीळ पडलेला काळा केस. मामांनी बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब त्यावर टाकले. थोडा वेळ काही झालं नाही. मग ते कुसळ हललं. पीळ सुटत गेला तसं ते तळहातावर हळूहळू गोल फिरायला लागलं, घड्याळाच्या काट्यासारखं. पावसात भिजलं की असंच फिरतं, मामा म्हणाले, आणि टोक मातीत घुसतं. स्वतःला स्वतःच पेरतं. चिनूने त्यानंतर मोज्यातलं एकही कुसळ फेकलं नाही. सगळी रुमालात बांधून घेतली.

मग काळविटांचा कळप आला. दोन काळे नर, पीळदार शिंगांचे, आणि बदामी रंगाच्या वीसेक माद्या. मी घाईने मोबाइल काढला आणि त्या नादात पहिली उडी माझी हुकली. मुलांनी ती पाहिली. त्यांचे चेहरे तेवढे मला दिसले.

माळढोक दिसला नाही. दिसेल असं मामांनी एकदाही म्हटलं नव्हतं. आज देशभरात मोकळ्या रानात दीडशेच्या आसपासच उरलेत, त्यातलेही बहुतेक राजस्थानात. पण मामांनी तो मुलांना उभा करून दाखवला, कमरेशी हात धरून, 'एवढा उंच'. नर पंधरा किलोपर्यंत भरायचा, नाकतोड्यांसाठी ज्वारीच्या रानात शिरायचा. पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून 'हूंम' करायचा आणि तो आवाज पार बांधापलीकडच्या वस्तीवर ऐकू जायचा. मादी एकच अंडं घालणार आणि तेही उघड्या जमिनीवर. डोळे बाजूला असल्यामुळे उडताना समोरची विजेची तार त्याला नीट दिसत नाही. हे सांगताना मामा थांबले. जवळजवळ मिनिटभर ते गप्प होते. मुलंही गप्प.

मग त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. 1979 साली अभयारण्य झालं ते थोडंथोडकं नव्हतं, 8,496 चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं आली. जमीन विकायची म्हटली की अडचण, घर बांधायचं म्हटलं की अडचण. मामांच्या धाकट्या भावाला लेकीच्या लग्नाला दोन एकर विकायची होती, ती वर्षानुवर्षं विकता आली नाही. पुढे अभयारण्याची हद्द कमी होऊन ती साधारण 1,222 चौरस किलोमीटरवर आली. 'लोक पाखरावर चिडले. पाखराचा काय गुन्हा? आणि लोकांचा तरी काय?' या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे. शहरात बसून 'पक्षी वाचवा' म्हणणं सोपं आहे. मामांनी दोन्ही सोसलं, आणि तरी ते आजही आठवड्यातून दोनदा पहाटे इथे येऊन बसतात.

परत निघालो तेव्हा अभयारण्याबाहेरच्या पडीक माळावर एक पांढरी गाडी दिसली. रस्ता सोडून गवतात घातलेली, काचा खाली, गाणी लावलेली. टपातून बाहेर आलेला एक मुलगा व्हिडिओ काढत होता आणि पुढे काळविटं जीव घेऊन पळत होती. माझे हातपाय थरथरायला लागले. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचा असा पाठलाग हा गुन्हा आहे, हे मी ओरडून सांगणार होते. मामा मात्र शांतपणे गवतात शिरले आणि गाडीच्या वाटेत जाऊन उभे राहिले. गाडी थांबली. 'पोरांनो, त्यात गाभण माद्या असतात. घरच्या गाभण म्हशीला असं पळवाल का रे?' गाणी बंद झाली. एक जण 'चुकलं, आबा' म्हणाला. गाडी वळली. ओवीने मामांचा हात जो धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

दुपारी रानात हुरडा. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कोवळी कणसं, आणि मामींचे हात इतके सराईत की गरम कणीस चोळताना त्यांना चटका कसा बसत नाही हेच मुलं बघत राहिली. सोबत शेंगांची चटणी, दही, गूळ, बोरं. एरवी ताटात चार घास टाकणारा चिनू पानावरचा दाणा न् दाणा वेचून खात होता. शेजारीच द्राक्षाची बाग होती. सोनाका ही द्राक्षाची जात याच नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी शोधली, हे मामी मोठ्या अभिमानाने सांगत होत्या.

शेवटच्या दिवशी हत्तरसंग-कुडलला गेलो, भीमा आणि सीना जिथे भेटतात तिथे. साडेतीनशेहून अधिक मुखांचं शिवलिंग आणि शके 940, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख. जो वाचेल तो विजयी होईल, असा त्यातल्या ओळीचा अर्थ. चिनूने एकेक अक्षर लावायचा प्रयत्न केला. तिथे चहा मिळाला नाही, सावली थोडी, ऊन कडक. लहान मुलं असतील तर सकाळीच जा, आम्ही अकरा वाजता पोहोचलो ते चुकलंच.

वसईला येऊन आता तीन आठवडे झाले. ओवी दर रविवारी मामांना फोन लावते. 'कसे आहात' वगैरे काही नाही, पहिला प्रश्न ठरलेला: 'आजोबा, तो आला का?'

मामाही ठरलेल्या आवाजात सांगतात, 'तो नाही आला गं. पण भोवत्या आहे अजून. रात्री गवतातच निजतोय.'