दुसरा उकार कुठे गेला?

दुसरीच्या वर्गाला जोडशब्द शिकवायला घेतले त्या दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘जोडशब्द’ लिहिलं आणि विचारलं, "कोण सांगेल एखादा?" पहिलं उत्तर आलं, "पुस्तक." दुसरं आलं, "रस्ता." मला हवे होते दोन शब्द जोडून झालेले शब्द. मुलं जोडाक्षरं असलेले शब्द सांगत होती, आणि त्यांची काही चूक नव्हती. आदल्या महिन्यात आम्ही जोडाक्षरंच घोटली होती. मी फळा पुसला आणि पुढचा आठवडाभर ‘जोडशब्द’ हे नावच काढलं नाही.

त्या आठवड्यात फक्त मुठींचा खेळ घेतला. एक मूठ पुढे करून ‘हात’, दुसरी पुढे करून ‘रुमाल’, मग दोन्ही मुठी चिकटवून ‘हातरुमाल’. वर्गासमोर उभं राहून मी आधी उजवी मूठ पुढे करायचे. मुलांना ती त्यांच्या डावीकडे दिसते आणि शब्द वाचण्याच्या दिशेनेच जुळतो. मग उलटा डाव. ‘पायवाट’ म्हणायचं, पहिली मूठ पाठीमागे लपवायची. उरलं काय? ‘वाट!’ यात वाचायचं काहीच नसतं, त्यामुळे अजून अडखळत वाचणारी मुलंही पहिल्या दिवसापासून रंगली. हा टप्पा गाळून थेट शब्द लिहिलेल्या पट्ट्यांवर जाऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

मग गळ्यात अडकवायच्या शब्दपट्ट्या केल्या. अर्ध्यांकडे पहिला शब्द, अर्ध्यांकडे दुसरा. आपापला जोडीदार शोधायचा. ‘गाडी’साठी ओढाताणच झाली. बैल, घोडा, हात, आग, सगळ्यांना तीच हवी. मी ‘गाडी’ला जागेवर उभं केलं आणि बाकीचे एकेक करून तिच्या पुढे येऊन उभे राहिले. बैलगाडी, घोडागाडी, हातगाडी, आगगाडी. मग बैलाला मागे पाठवून विचारलं, "गाडीबैल म्हणजे काय असेल?" एक मुलगा म्हणाला, "तो बैलच असेल. गाडीचा." वस्तू कोणती हे मागचा शब्द ठरवतो, हे त्याने स्वतःहून पकडलं. अशा जोडाचं व्याकरणातलं नाव, तत्पुरुष समास, त्याला पुढे कधीतरी भेटेल.

‘आईवडील’ला मात्र हे लागू पडेना, तिथे दोघेही सारखेच. म्हणून एका मुलाच्या गळ्यात ‘आणि’ची पट्टी घातली. तो मधे उभा राहिला की ‘आई आणि वडील’, तो खाली बसला की ‘आईवडील’. ‘खरेखोटे’ला एका मुलीने ‘आणि’ला उठवून ‘किंवा’ मागितला. पट्टी नव्हती, तिथेच लिहिली.

सगळ्यात मोलाचा धडा मला ‘फूल’ या पट्टीने दिला. ‘सूर्य’च्या मागे ती नीट बसली, सूर्यफूल. मग ती पट्टी घातलेली मुलगी ‘पाखरू’च्या पुढे जाऊन उभी राहिली आणि पाठ्यपुस्तक हातात घेतलेला एक जण ओरडला, "बाई, पुस्तकात पहिला उकार आहे! दुसरा उकार कुठे गेला?" बरोबरच होतं. फूल दीर्घ, पण फुलपाखरू, फुलझाड, फुलदाणी ऱ्हस्व. मी तयारी करताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ‘फूल’च्या पट्टीमागे ‘फुल’ लिहिलं. पुढे उभं राहायचं असेल तर पट्टी उलटायची. ‘पाणी’च्या मागेही तसंच ‘पाण’ लिहिलं, पाणघोड्यासाठी. नियम सांगण्याचं ते वय नव्हे, पण पट्टी उलटणं हातात बसलं की वहीतही उतरतं.

शेवटी शब्द शोधून आणायला सांगितले. चित्रं काढणं वगैरे झालं, ते ठीकच. खरी गंमत तपासण्यात होती. एकीने ‘मनगट’ आणला, मन अधिक गट. दोन्ही शब्द खरे! मग सगळ्यांनी आपापलं मनगट धरून पाहिलं. यात मन आहे? गट आहे? नाही. जोडाचा अर्थ तुकड्यांतून लागला नाही तर तो शब्द बाद, असं त्यांनीच ठरवलं.

‘शेजारीपाजारी’ आला तेव्हा शेजारी बाजूला झाला आणि ‘पाजारी’ची पट्टी घातलेला मुलगा एकटाच उभा राहिला. "बाई, पाजारी म्हणजे कोण?" कोणीच नाही, तो फक्त शेजाऱ्याबरोबर येतो. अशा शब्दांसाठी भिंतीवर वेगळा कागद लावला. त्यावर आता ‘उरलासुरला’ आहे, आणि परवा ‘किडूकमिडूक’ची भर पडली, त्यात तर दोघांपैकी एकालाही एकटं उभं राहता येत नाही.