रुंदीकरणावर डॉक्युमेंटरी करताय? आधी टेप लावा

छत्रपती संभाजीनगरच्या गुंठेवारी वस्तीत (शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे विकून उभी राहिलेली वस्ती) रस्ता रुंदीकरणावर फिल्म करायची असेल, तर पहिल्या दिवशी कॅमेरा घरीच राहू द्या. मोजायचा 30 मीटरचा टेप आणि शहराच्या विकास आराखड्याची प्रत घेऊन जा. वाद पेटतो तो घर कुठपर्यंत पडणार हे दाखवणाऱ्या भिंतीवरच्या लाल खुणेवरून. लोकांच्या तोंडी रस्ता ‘साठ फुटी’, आराखड्यात 18 मीटर. म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे 9-9 मीटर. पण मध्य कुठला? आजच्या डांबराचा मध्य आणि आराखड्यातला मध्य एकच असेल असं नाही. ही मोजणी न कापता, सलग दाखवा. प्रदर्शनाच्या वेळी पहिला प्रश्न यावरच येतो.

20 फूट रुंद, 30 फूट खोल घर घ्या. दर्शनी बाजूचे 10 फूट गेले तर कागदावर 400 चौरस फूट उरतात. पण जिना, नळाची जोडणी, बरेचदा संडासाची टाकीही त्याच 10 फुटांत असते. वरच्या मजल्यावर मग चढायचं कुठून? कॅमेरा त्या जिन्यावर थांबू द्या, रडणाऱ्या चेहऱ्यावर नको.

अशा वस्तीत खरेदी बाँडपेपरवर, सातबारा जुन्या मालकाच्या नावावर. 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेलं घर आणि तसंच राहिलेलं घर एकाच गल्लीत असतं, आणि मोबदल्याच्या वेळी हा फरक नडतो. भाडेकरूचं तर कशातच नाव नसतं. त्याची मुलाखत सोडू नका. मागच्या गल्लीतल्यांचीही घ्या. तिथवर अग्निशमनची गाडी पोचत नसेल तर त्यांना रस्ता हवाच असतो, आणि ते चूक नाहीत.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. अर्ज चित्रीकरणाच्या महिनाभर आधी टाका. अधिकारी कॅमेऱ्यापुढे बोलत नसतील तर प्रश्न लेखी द्या आणि आवकचा शिक्का असलेली प्रत पडद्यावर दाखवा.

जेसीबी चालू असताना मुलाखत घेऊ नका, शब्द हाती लागत नाहीत. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. ट्यूबलाइटखाली सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. नाहीतर चित्र लुकलुकतं. आणि संमती दोनदा घ्या: एकदा बोलण्याआधी, एकदा संकलित भाग त्या घराला दाखवून. घर पडायच्या आधी दिलेला होकार पडल्यावर टिकेलच असं नाही.