‘व्होल्टेज ओके आहे, मॅडम’

मे महिन्यात अकोल्यात पारा ४४-४५ ला टेकतो. त्याच महिन्यात माझ्या अभ्यासिकेचा ८.५ टनाचा डक्टेबल (नळ्यांतून हवा देणारा) एसी १३ दिवस बंद होता. साठ मुलं, सगळी स्पर्धा परीक्षेची. व्हॉट्सॲप ग्रुपवर मला काय काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही.

लक्षण साधं होतं. सकाळी मशीन चालायचं. दुपारी बाराच्या पुढे गच्चीवरच्या आउटडोअर युनिटमधून तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज सुरू व्हायचा आणि खाली नुसती गरम हवा. तडतडत होता तो कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉम्प्रेसर आणि बाहेरचा पंखा चालू-बंद करणारा मोठा स्विच. त्याच्या कॉइलला २३० व्होल्ट मिळाले की तो ओढला जातो, गेले की सुटतो. आमचा सेकंदाला कितीदा तरी ओढला जाऊन सुटत होता.

सर्व्हिस सेंटरचा मुलगा पहिल्यांदा आला सकाळी दहाला, गारव्याच्या वेळी. मीटर लावला, २२८. ‘व्होल्टेज ओके आहे, मॅडम, कॉन्टॅक्टर गेलाय.’ नवा बसवला, मशीन चालू झालं, त्यानं माझ्याकडून ओटीपी घेतला. हा ओटीपी म्हणजे तुमची तक्रार मिटल्याची सही. मशीन भर दुपारी निदान अर्धा तास सलग चालल्याशिवाय तो देऊ नका. मी तीन वेळा दिला. दर वेळी तक्रार बंद, दुपारी पुन्हा तडतड, नवा नंबर, नवा माणूस, पुन्हा दोन-तीन दिवसांची वाट. आधी काय बदललं होतं हे नव्या माणसाला मीच सांगायचं.

दुसऱ्यानं ‘आधीचा डुप्लिकेट होता’ म्हणत आणखी एक कॉन्टॅक्टर टाकला आणि पंख्याच्या मोटरला जोर देणारा कपॅसिटरही बदलला. तिसऱ्यानं टेस्टरच्या मुठीनं कॉन्टॅक्टर हातानं दाबून धरला. कॉम्प्रेसर चालू झाला. ‘बघा, मशीनमध्ये काही नाही.’ (असं कुणाला करू देऊ नका. दाबून धरलं की गॅसचा दाब बिघडला (हाय प्रेशर, लो प्रेशर) किंवा करंट वाढला (ओव्हरलोड) तर मशीन थांबवणारी सगळी संरक्षणं बाजूला पडतात.) मला मात्र एक गोष्ट दिसली: कॉम्प्रेसर जोरात होता, पण पंखा सुस्तावल्यासारखा फिरत होता. मी बोलले. तो म्हणाला, ‘नवीन कपॅसिटर आहे ना, सेट होईल.’ कपॅसिटर सेट होतो म्हणे! जाताना कागदावर ‘साइट व्होल्टेज प्रॉब्लेम, ग्राहकाची जबाबदारी’ असं लिहिलं आणि सर्वो स्टॅबिलायझर घ्या म्हणाला. कालपर्यंत ओके असलेलं व्होल्टेज त्या दिवशी प्रॉब्लेम झालं.

मग वीजवाल्यांकडे अर्ज. त्यांचा माणूस दुसऱ्याच दिवशी आला, मीटरपाशी तिन्ही फेज (वीज आणणाऱ्या तारा) न्यूट्रलशी (परतीच्या तारेशी) मोजून गेला: २३१, २२९, २३३. चौथा सर्व्हिसवाला आला, त्यानंही तेच ‘ओके’ म्हटलं. ओटीपी दिला नाही, त्यावर तो रागावला.

आमच्याकडे सकाळी पेपर वाचायला एक काका येतात, वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘मले सांग पोरी, दोनशे अठ्ठावीस मोजले ते कुठी? दुसरी पिन कुठी लावली होती त्यानं?’

मला आठवत होतं. एक पिन फेजवर, दुसरी युनिटच्या पत्र्यावर. चौघांनीही तसंच केलं होतं. पत्रा अर्थिंगला जोडलेला, म्हणून फेज ते अर्थ २२८. पण कॉइल काम करते फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, आणि गच्चीवर युनिटपाशी न्यूट्रल कुणी तपासलाच नव्हता.

काका दुपारी एकला आले, मुद्दाम उन्हात. त्यांच्याकडे जुना काट्याचा मीटर. मी छत्री धरली, बाकी कशाला हात लावला नाही. हे काम चालू लाइनवरचं आहे, जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. कॉइलच्या दोन टोकांना ए१ आणि ए२ लिहिलेलं असतं. त्यांनी पिना तिथे लावल्या. तडतड सुरू होती आणि काटा १३० ते २२० मध्ये नाचत होता. डिजिटल मीटरवर तेच बघितलं तर आकडे इतके उड्या मारत होते की काही कळेना. नंतर ए१ ते अर्थ: २२८, स्थिर. म्हणजे थर्मोस्टॅट, प्रेशर स्विच, ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मशीन थांबवणारा) सगळे आपापलं काम करून फेज पुढे सोडत होते. शेवटी ए२ ते अर्थ. इथं जवळजवळ शून्य हवं. काटा ७०-८० पर्यंत उसळत होता.

न्यूट्रल कुठेतरी सैल. आणि तडतड का, तेही काकांनी तिथेच समजावलं. कॉइल जेमतेम करंट घेते, तेवढा खराब जोडातूनही जातो, म्हणून कॉन्टॅक्टर ओढला जातो. तो ओढला गेला की त्याच न्यूट्रलवरचा पंखा चालू होतो, करंट वाढतो, जोडावर व्होल्टेज पडतं, कॉइलला उरतं कमी, कॉन्टॅक्टर सुटतो. पंखा बंद, व्होल्टेज परत, पुन्हा ओढला जातो. २३० व्होल्टच्या कॉइलला ओढून घ्यायला साधारण ८५ टक्के, म्हणजे १९५ व्होल्ट तरी लागतात. कॉम्प्रेसर तीन फेजचा, त्याला न्यूट्रलशी देणंघेणं नाही, म्हणून हातानं दाबल्यावर तो जोरात आणि पंखा सुस्त! सिंगल फेज प्रिव्हेंटरही फक्त फेज बघतो, त्याचा दिवा बिचारा शेवटपर्यंत लागलेला होता.

मेन बंद करून न्यूट्रल शोधत मागे गेलो. युनिटची वीज तोडणाऱ्या स्विचशेजारच्या (आयसोलेटर) प्लास्टिकच्या डबीत नुसती पीळ देऊन टेप गुंडाळलेली जोड सापडली. टेप वितळलेली, तांबं काळं. दिवाळीआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं तेव्हा केबल सरकवायला मीच एका स्वस्तातल्या माणसाला सांगितलं होतं. म्हणजे ‘ग्राहकाची जबाबदारी’ हे अक्षरशः खरं होतं, कबूल. पण ते शोधायला चार फेऱ्यांत कुणी डबी उघडली नाही, आणि दोन कॉन्टॅक्टर नि कपॅसिटरचे पैसे मला परत मिळालेले नाहीत.

काळी पडलेली तार छाटून टोकाला नवा लग (धातूचं टोक) दाबून बसवला, स्क्रू घट्ट. मशीन चालू असताना ए१-ए२ वर २२६, ए२-अर्थ दोन व्होल्टच्या आत. काकांनी चहा आणि एक पेपर घेतला.

एक राहिलं. मेन बंद करण्याआधी काकांनी एक सुटी तार डिजिटल मीटरनं दाखवली, त्यावर ८५ व्होल्ट. मी घाबरले. त्यांनी तिथे बल्बचा टेस्ट लॅम्प लावला, तो लागलाच नाही. ‘हे भूत आहे. बाजूच्या तारेमुळे दिसते.’ डिजिटल मीटरवर अर्धवट आकडा आला तर लॅम्प लावून खात्री करा. आणि जोडलेल्या (क्लोज्ड) संपर्काच्या दोन टोकांमध्ये, उदाहरणार्थ ओव्हरलोड रिलेच्या ९५ आणि ९६ लिहिलेल्या टोकांवर, करंट वाहत असताना मोजलं तर जवळजवळ शून्य यायला हवं. तिथे व्होल्टेज दिसलं तर तो संपर्क खराब झालाय किंवा उघडलाय.

भावानं ह्यूस्टनहून हे वाचलं तेव्हा म्हणाला, आमच्याकडे भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपासून बाहेरच्या कॉन्टॅक्टरपर्यंत सगळं २४ व्होल्टवर चालतं, आणि गवत कापणाऱ्यानं बाहेरची बारीक तार तोडली की बोर्डावरचा छोटा फ्यूज उडतो. तिथेही लोक आधी कॉन्टॅक्टरच बदलतात म्हणे.

काढून टाकलेले दोन्ही कॉन्टॅक्टर टेबलाच्या खणात आहेत, २३० व्होल्ट कॉइलचे, काकांनी तपासलेले. अकोल्यात कुणाला हवे असतील तर घेऊन जा.